मालक गावाला गेला तरी माग चालले पाहिजेत: छोट्या कारखान्यातलं नेतृत्व, पायरीपायरीने

आमच्या सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत कुठल्याही कारखानदाराला विचारा, कसं चाललंय? दहातले आठ जण म्हणतील, "काय सांगू, एक दिवस मी नसलो की सगळं ठप्प." सूर तक्रारीचा असतो, पण चेहऱ्यावर बारीकसा अभिमानही असतो. मी स्वतः सात-आठ वर्षं हेच वाक्य म्हणत होतो. सूत आणायला मीच, बँकेत मीच, ट्रान्सपोर्टवाल्याशी भांडायला मीच, आणि मागाचा पट्टा तुटला की पाना घेऊन खाली वाकायलाही मीच. या धावपळीलाच मी नेतृत्व समजत होतो.

माझा कारखाना टॉवेलचा. चोवीस माग, दोन पाळ्या, आवारातच सूत रंगवायचं छोटं डाय हाऊस, आणि शिलाई-पॅकिंग धरून अडतीस माणसं. वडिलांनी उभा केला, आता मी बघतो. हे सगळं टॉवेलच्या अनुभवातून लिहितोय, पण गारमेंटवाले, फाउंड्रीवाले, शेंगा चटणीचा घरगुती उद्योग वाढवणाऱ्या ताई, यांनाही यातलं बरंच लागू पडेल. माणसं दहाच्या वर आणि शंभराच्या आत असतील तर हा लेख तुमच्यासाठी आहे. त्याहून मोठ्या कंपनीचं गणित वेगळं असतं आणि मला ते येत नाही.

पहिली पायरी: चार दिवस गायब व्हा आणि फोन मोजा

नेता म्हणून आपण कुठे आहोत हे आरशात बघून कळत नाही. त्यासाठी चार दिवस बाहेरगावी जा. लग्न असो, देवदर्शन असो, कारण काहीही सांगा. फोन चालू ठेवा, पण आपण होऊन एकही फोन करू नका. खिशात छोटी वही ठेवा. कारखान्यातून आलेला प्रत्येक फोन तिच्यात लिहायचा: कोणाचा, कशासाठी, आणि आपण काय उत्तर दिलं.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा चार दिवसांत ३१ फोन आले. परत येताना गाडीत बसून त्यांची वर्गवारी केली. एकोणीस फोन असे होते की ज्यात दोन हजार रुपयांच्या आतला निर्णय होता. बेअरिंग आणू का, टेम्पोवाला दोनशे जास्त मागतोय, पॅकिंगच्या पिशव्या संपल्यात. सात फोन माणसांचे: अमका आला नाही, तमक्याला उचल हवी. तीन गिऱ्हाइकांचे. आणि दोन फोन असे की त्यांचं उत्तर मलाही माहीत नव्हतं. मी फक्त "बघतो" म्हणालो होतो.

ही वही म्हणजे पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा नकाशा आहे. ती न करता पुढचं वाचून फारसा उपयोग नाही.

दुसरी पायरी: अधिकार रुपयांत द्या

"तुम्हीच बघून घ्या, तुमचाच कारखाना आहे" असं मुकादमाला सांगणं म्हणजे अधिकार देणं नव्हे. त्या वाक्याचा अर्थ त्याच्यासाठी एवढाच की बरोबर झालं तर मालकाचं, चुकलं तर माझं. अधिकार आकड्यात सांगावा लागतो आणि कागदावर लिहावा लागतो.

माझ्याकडे तो कागद असा आहे. मुकादम एका वेळी तीन हजारांपर्यंत न विचारता खर्च करू शकतो, संध्याकाळपर्यंत फक्त कळवायचं. फिटर पाच हजारांपर्यंतचा सुटा भाग आणू शकतो, जुना भाग मात्र फेकायचा नाही, मला दाखवायचा. डिस्पॅच बघणारी मुलगी भाड्यात दहा टक्क्यांपर्यंत वर-खाली करू शकते. तीन गोष्टी माझ्याकडेच आहेत: नवीन कर्ज, गिऱ्हाइकाला दिलेला भाव, आणि कोणाच्याही नातेवाइकाला कामावर घेणं. तिसरी गोष्ट विनोदी वाटेल, पण निम्म्या कारखान्यांतली भांडणं तिथूनच निघतात.

आता खरी परीक्षा. दुसऱ्याच महिन्यात फिटरने साडेचार हजारांचा चुकीचा गिअर आणला. परत घेणार नाही म्हणून दुकानदार हटून बसला. माझ्या तोंडापर्यंत आलं होतं की यापुढे विचारल्याशिवाय काही आणायचं नाही. गिळलं. तसं बोललो असतो तर कागद त्याच दिवशी मेला असता, आणि पुढची दहा वर्षं प्रत्येक नटबोल्टसाठी माझाच फोन वाजला असता. साडेचार हजारांत मला असा माणूस मिळाला जो आता माप घेतल्याशिवाय दुकानाची पायरी चढत नाही. महाग शिक्षण म्हणता येणार नाही.

तिसरी पायरी: वाईट बातमी चालत नको, पळत यायला हवी

ही पायरी सगळ्यात अवघड आहे, आणि मी सगळ्यात मोठा मार इथेच खाल्ला.

एका व्यापाऱ्याकडून हॉटेलसाठीची ऑर्डर मिळाली होती. एकाच गडद निळ्या रंगात अठराशे टॉवेल. सूत आम्हीच रंगवत होतो. पहिला लॉट छान निघाला. दुसऱ्या लॉटच्या वेळी मे महिना, बोअर आटलेली, पाणी टँकरचं. सोलापुरात पाण्याची रड नवी नाही. उजनी धरणावरून येणारं पाणी शहरालाच कित्येक दिवसांआड मिळायचं, मग कारखान्याला मिळेल ते घ्यावं लागायचं. टँकरचं पाणी दुसऱ्या विहिरीचं होतं, जड होतं. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाला जड पाणी मानवत नाही. कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असलं की रंग नीट धरत नाही, छटा मंद पडते. रंगारी अण्णांच्या अनुभवी डोळ्यांना दुसऱ्या लॉटच्या लडी वाळत घालतानाच फरक दिसला.

त्यांनी मला सांगितलं नाही.

ते सूत मागावर चढलं, पहिल्या लॉटच्या शेजारी विणलं गेलं आणि टॉवेलवर पट्टे दिसायला लागले. तेही कारखान्यातल्या ट्यूबलाइटखाली कोणाच्या लक्षात आलं नाही, हॉटेलच्या गच्चीवर उन्हात आलं. सातशेच्या वर नग परत आले. ते शेवटी आठवड्याच्या बाजारात निम्म्या भावाने विकले.

मी अण्णांना विचारलं, "अहो, दिसलं होतं तर बोलला का नाहीत?" ते खाली बघत म्हणाले, "मालक, मागच्या महिन्यात मी बॉयलरचं सांगायला आलो होतो तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर काय बोललात, आठवतंय का?" मला आठवत नव्हतं. त्यांना शब्द न शब्द आठवत होता.

त्या सातशे टॉवेलचं नुकसान टँकरच्या पाण्याने झालं असं मी बरेच दिवस सांगत फिरलो. ते झालं होतं माझ्या तोंडामुळे. तेव्हापासून काही गोष्टी मी ठरवून करतो.

कोणी बिघाड सांगायला आला की पहिली दहा मिनिटं फक्त तीनच प्रश्न विचारायचे: काय झालंय, किती माल अडकलाय, आत्ता काय थांबवायचं? 'कोणी केलं' हा प्रश्न त्या दिवशी नाही. तो दुसऱ्या दिवशी, केबिनमध्ये, दार लावून.

सकाळच्या फेरीत "सगळं ठीक ना?" विचारणं बंद करा. त्या प्रश्नाचं उत्तर "हो" एवढंच असतं. त्याऐवजी विचारा, "काल काय बिघडलं?" सुरुवातीचे पंधरा दिवस लोक "काही नाही" म्हणतील. तुम्ही न चिडता उभे राहा. सोळाव्या दिवशी कोणीतरी सांगेल की तिसऱ्या मागावर पाइलचे लूप, म्हणजे टॉवेलवरचे धाग्याचे फासे, सारखे सुटतायत. त्याला तिथल्या तिथे, चारचौघांत "बरं झालं सांगितलंत" म्हणा आणि लगेच फिटर पाठवा. फिटर दोन दिवसांनी गेला तर तोंडचे शब्द फुकट जातात.

आणि भाषा. आपलं गाव तीन-चार भाषांचं आहे. माझ्या मागांवर बहुतेक तेलुगू बोलणारी, पद्मशाली या विणकर समाजातली माणसं, शिलाईत कन्नड बोलणाऱ्या बायका, पॅकिंगला मराठी आणि दखनी दोन्ही. माणूस अडचण स्वतःच्या भाषेत आधी सांगतो. हिशेब मराठीत होईल, पण दुखणं तेलुगूतच निघतं. म्हणून अस्खलित नाही आलं तरी तेलुगूत "बागुन्नारा?" (बरे आहात ना?) आणि कन्नडमध्ये "ऊटा आयता?" (जेवण झालं का?) एवढं तरी जिभेवर असू द्या. आणि एक खास सोलापुरी सूचना: 'बे' जपून. मित्राला "काय बे" म्हणणं हे प्रेम आहे. वडिलांच्या वयाच्या विणकराला मालकाने 'बे' म्हटलं की तो ते घरी जाऊन सांगतो. माझे वडील कारखान्यातल्या ज्येष्ठांना नेहमी 'अण्णा' आणि 'अक्का' म्हणत, अहो-जाहो करत. लहानपणी मला तो जुना रिवाज वाटायचा. आता कळतं की वाईट बातम्या त्यांच्यापर्यंत वेळेवर का पोचत होत्या.

चौथी पायरी: मे महिन्यात दुपारी तीन वाजता शेडमध्ये उभे राहा

एसी केबिनमध्ये बसून उत्पादन का घटलं यावर बैठक घेण्यापेक्षा हे करा. बाहेर पारा बेचाळीस-त्रेचाळीस, वर पत्रा, चोवीस मागांचा खडखडाट. अर्धा तास उभे राहा. घटलेल्या उत्पादनाचं कारण घामाच्या रूपात तुमच्याच पाठीवरून ओघळेल.

मी एप्रिल-मेमध्ये पहिली पाळी पहाटे लवकर सुरू करून दुपारी मोठी सुट्टी देतो. पत्र्याला पांढरा रंग दिला, दोन मोठे एक्झॉस्ट बसवले. खर्च झाला, पण सुताचे तुटणारे धागे आणि तुटणारी माणसं, दोन्ही कमी झाली.

याच पायरीत वर्षाचं कॅलेंडर येतं. जानेवारीत ग्रामदैवत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, त्या दिवशी शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, एकही माग चालत नाही. आषाढीला कोणी ना कोणी पंढरपूरला जातो, रमजानमध्ये पॅकिंगची वेळ बदलावी लागते, आणि दिवाळीच्या आधीचे सहा आठवडे ऑर्डरींचा पूर. हे दर वर्षी येतं. तरी दर वर्षी कारखानदार "ऐन वेळी माणसं गेली" म्हणून कपाळावर हात मारतात. वर्षाच्या सुरुवातीला भिंतीवर मोठा कागद लावा, सुट्ट्या माणसांनाच भरू द्या, आणि त्याप्रमाणे गिऱ्हाइकाला तारीख द्या. दिलेली तारीख पाळणारा कारखानदार व्यापाऱ्याला भावात दोन रुपये जास्त मागू शकतो, हे मी अनुभवाने सांगतो.

पाचवी पायरी: पैशाबाबत दिलेला शब्द

पगाराची तारीख एकदा ठरली की ती सूर्योदयासारखी यायला हवी. सातला म्हणजे सातला. एकदा नवव्या दिवसावर गेला की तुमची पुढची सगळी भाषणं फुकट.

उचल हा आपल्याकडचा नाजूक विषय. लग्न, दवाखाना, शाळेची फी, कारणं खरी असतात. पण मालकाचा मूड बघून उचल मिळत असेल तर कारखान्यात मूड बघणारे वाढतात, काम बघणारे कमी होतात. नियम सगळ्यांना सारखा आणि माहीत असावा: किती मिळेल, किती हप्त्यांत कापली जाईल, आधीची फिटल्याशिवाय नवी नाही, दवाखान्याला अपवाद. मी वही मुकादमाच्या टेबलावर ठेवतो, ज्याची नोंद त्याला बघता येते.

दुसरी बाजू येणी. माणसांना वेळेवर द्यायचं तर व्यापाऱ्याकडून वेळेवर आलं पाहिजे, आणि आपल्या बाजारात उधारी म्हणजे जणू निसर्गनियम. नव्वद दिवस, एकशे वीस दिवस, "दिवाळीनंतर बघू". इथे कायदा आपल्या बाजूने आहे, फक्त बहुतेकांनी तो वापरलेला नसतो. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) विकास कायद्याप्रमाणे, केंद्र सरकारकडे उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात दुरुस्ती झाली. ही मुदत उलटून वर्षअखेरीलाही थकलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी दाखवता येते. ही गोष्ट गिऱ्हाइकापेक्षा त्याच्या सीएला लवकर समजते.

करायचं एवढंच: उद्यम नोंदणी नसेल तर करा, ती मोफत आहे. नोंदणी क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. बिलावरच देय तारीख लिहा. तिसाव्या दिवशी एक सभ्य आठवण, चाळिसाव्या दिवशी दुसरी. तक्रारीसाठी सरकारी ऑनलाइन पोर्टल आहे, पण जुन्या गिऱ्हाइकावर ते हत्यार उपसण्याआधी दहादा विचार करा. मी आजवर उपसलेलं नाही. बिलावरच्या दोन ओळींनीच माझी सरासरी उधारी बरीच खाली आली.

आणि हात आखडता असेल त्या महिन्यात मुकादम, फिटर आणि रंगारी या तिघांना खरं सांगा. त्यांना तसंही कळतं. सूत कमी आलं की सगळा कारखाना हिशेब करतो.

सहावी पायरी: आपल्यापेक्षा जास्त कळणारा माणूस शेजारी बसवा

उद्योगपती वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे, जन्म १८८२ चा. सिंदिया स्टीम नेव्हिगेशन, १९४० मधला बेंगळुरूचा विमान कारखाना, विशाखापट्टणमची जहाजगोदी, प्रीमियर मोटारी, ही यादी शाळेपासून पाठ असते. ५ एप्रिल १९१९ ला त्यांच्या कंपनीचं 'लॉयल्टी' जहाज मुंबईहून लंडनकडे निघालं. आपण राष्ट्रीय सागरी दिन साजरा करतो तो त्याच तारखेला. भाषणांत त्यांचं धाडस सांगतात. मला त्यांची सुरुवात जास्त शिकवून जाते. घरचा धंदा सावकारी आणि व्यापाराचा. रेल्वेच्या कंत्राटात उतरायचं ठरवलं तेव्हा त्यांनी भागीदार निवडला तो लक्ष्मणराव फाटकांना, जे आधी रेल्वेतच कारकून होते. भांडवल आणि हिंमत एकाकडे, कामाची आतली माहिती दुसऱ्याकडे.

आपल्याकडे उलटं होतं. कारखानदाराचा मुलगा टेक्स्टाइलचा डिप्लोमा करून येतो आणि तीस वर्षं रंगाच्या टबाशी उभ्या असलेल्या माणसाला रंग शिकवायला जातो. मीही गेलो होतो. टँकरच्या प्रकरणानंतर अण्णांना मी पगार वाढवून दिला आणि एक नियम केला: रंगाचा लॉट पास की नापास, हे ते ठरवतात. डिलिव्हरी अडली तरी मी तो निर्णय फिरवत नाही. आतापर्यंत दोनदा अडली.

सातवी पायरी: घरातले दोन मालक

हा विषय परिषदांमध्ये कोणी काढत नाही, पण सोलापुरातल्या निम्म्या कारखान्यांत खरी अडचण हीच आहे. वडील सकाळी अकराला येतात, केबिनमधल्या जुन्या खुर्चीत बसतात, आणि मुलाने सकाळी दिलेला आदेश दुपारी बदलतात. कामगार हुशार असतात. सहा महिन्यांत त्यांना कळतं की कुठलं काम कुठल्या मालकाकडून करून घ्यायचं.

यावर मला सापडलेला उपाय साधा आहे. मतभेद रात्री जेवताना, कडक भाकरीबरोबर. कारखान्यात एका विषयाला एकच आवाज. आमच्याकडे जुने गिऱ्हाईक आणि सुताचे व्यापारी वडिलांकडे, उत्पादन आणि माणसं माझ्याकडे. कामगार चुकीच्या दारात आला की दोघांनीही "तिकडे विचारा" म्हणायचं. पहिले दोन-तीन महिने वडिलांना हे फार जड गेलं. मला जास्त जड गेलं, कारण सुताच्या भावात मला त्यांचं पटत नसे आणि गप्प बसावं लागे.

दुसरी फळी घडवण्याबद्दल गड्ड्याच्या नंदीध्वजांकडे बघा. मिरवणुकीत उंच काठी पेलणारा एकटा दिसतो. पण त्यामागे यात्रेच्या कितीतरी आधीपासून चाललेला सराव असतो, आणि आजूबाजूला तोल सावरणारे, थकला की काठी घ्यायला तयार असलेले असतात. काठी मिरवणुकीच्या दिवशी पहिल्यांदा कोणाच्या हाती देत नाहीत. आपण मात्र मालक दवाखान्यात दाखल झाला की त्या दिवशी मुकादमाला पहिल्यांदा बँकेत पाठवतो. मी आता महिन्यातून एक दिवस मुद्दाम कारखान्यात असूनही नसल्यासारखा राहतो. त्या दिवशी निर्णय मुकादम घेतो, मी पॅकिंगच्या टेबलावर टॉवेल घड्या घालतो. घड्या घालताना कानावर जे पडतं ते केबिनमध्ये कधीच पडत नाही.

प्रेरणादायी वक्ते, भिंतीवरची सुविचारांची पोस्टर्स, सगळ्यांना सारखे टी-शर्ट, यावर मी काही लिहिलं नाही. करून बघितलंय. टी-शर्टचं कापड चांगलं होतं.

पहिल्या पायरीतली वही दर वर्षी एकदा उघडायची असते. गेल्या जानेवारीत, गड्ड्याची गर्दी ओसरल्यावर, मी पुन्हा चार दिवस बाहेर गेलो. सहा फोन आले. एक चुकून लागलेला, एक फिटरच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण. उरलेल्या चारपैकी तीन सूत खरेदीचे होते. वडिलांना बरं नव्हतं, आणि भाव कोणी ठरवायचा हे आमच्या कागदावर लिहिलेलंच नव्हतं.